शेतांतील काडीकचरा आणि शहरांतील जळण

विलेपार्ल्यासारख्या उपनगरांत आज घरोघर नळानें किंवा टाकींतून गॅस येतो. कांहीं स्वयंपाकघरांत विजेच्या शेगड्याहि दिसूं लागल्या आहेत. ह्या घरांतील मुलांस ‘जळण’ हा शब्द बहुधा पुस्तकांतच भेटतो. परंतु ज्यांचें वय साठीच्या पुढें आहे त्यांस न्हाणीघरांतील तांब्याचा बंब, त्याच्या पोटांत घालावयाच्या काटक्या, वखारींतून गोणींत भरून येणारा कोळसा आणि रॉकेलच्या दुकानापुढील रांग हें सर्व आठवत असेल. एका पिढीच्या अवधींत जळण घरांतून गेलें. मात्र तें शहरांतून गेलेलें नाहीं. बेकऱ्यांच्या भट्ट्या, कारखान्यांचे बॉयलर, तंदुरी भाजणाऱ्या खाणावळी आणि स्मशानें यांस कांहीं तरी जाळावेंच लागतें. तें काय असावें हा प्रश्न अलीकडे न्यायालयापर्यंत गेला आहे, आणि त्याचें एक उत्तर म्हणून शेतांतील काडीकचरा दाबून केलेल्या कांड्यांचें नांव वारंवार पुढें येतें. त्या कांड्यांविषयीं आज बोलावयाचें आहे.

मुंबईकरांच्या अगदीं जवळचें उदाहरण प्रथम घेऊं, मग तें थोडें अमंगळ वाटलें तरी चालेल. मुंबई महानगरपालिका अंत्यसंस्कारासाठीं दर मृतदेहामागें ३०० किलोग्रॅम लांकूड विनामूल्य देते. २०२२ सालीं पालिकेनें १४ स्मशानभूमींत लांकडाऐवजीं शेतांतील टाकाऊ मालाच्या कांड्या वापरण्याचें ठरविलें आणि त्या वेळीं असें सांगण्यांत आलें कीं, लांकडाच्या ३०० किलोग्रॅमऐवजीं कांड्या २५० किलोग्रॅम पुरतील. वर्तमानपत्रांत ही बातमी वाचून पुष्कळांस असें वाटलें कीं, ह्या कांड्यांत लांकडाहून कांहीं अधिक दाहक द्रव्य घातलेलें असलें पाहिजे. वस्तुतः तसें कांहीं नाहीं, आणि हा हिशेब शाळेंतील मुलासहि सोडवितां येण्यासारखा आहे. वखारींतल्या लांकडांत चौथा हिस्सा पाणी आहे असें धरा. पुरतें न वाळलेल्या लांकडांत तें सहज असतें. तेव्हां ३०० किलोग्रॅममध्यें ७५ किलोग्रॅम पाणी झालें, आणि खरें जळणारें द्रव्य राहिलें २२५. कांडींत पाण्याचा अंश दहांत एक असतो. म्हणून २५० किलोग्रॅममध्यें पाणी २५ आणि जळणारें द्रव्य पुन्हां २२५. दोन्हींकडे रक्कम एकच! लांकडांतलें पाणी मात्र जळण्याच्या आधीं तापवून वाफ करून घालवावें लागतें, आणि त्या कामीं चितेचीच उष्णता खर्च होते. सुकें लांकूड आणि कांडी यांच्या वजनामागील उष्णतेंत फारसा फरक नाहीं. भुईमुगाचें टरफल, कपाशीची पऱ्हाटी, लांकडाचा भुसा, हे सर्व कोरडे असतां एका किलोग्रॅममागें चार हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता देतात. भाताचें तूस राखेच्या भारामुळें थोडें मागें, म्हणजे तीन हजारांच्या किंचित् वर राहतें. स्वयंपाकाचा गॅस अकरा हजारांच्या घरांत जातो, ती गोष्ट निराळी.

मग कोणी विचारील कीं, टरफलांत आणि पऱ्हाटींत लांकडाइतकीच उष्णता आहे, तर तीं जशींच्या तशीं कां जाळूं नयेत? कांड्या करण्याचा हा खटाटोप कशासाठीं?

ह्याचें उत्तर उष्णतेंत नसून आकारमानांत आहे. पिंजाऱ्यानें पिंजलेला कापूस किती जागा व्यापतो आणि तोच गादींत दाबून शिवला म्हणजे किती थोड्या जागेंत बसतो, हें आपण घरीं पाहिलेलें आहे. ऊंस तोडल्यावर शेतांत जें वाळलेलें पाचट राहतें, त्याचें एक घनमीटर मापाचें खोकें भरलें तर त्यांत जेमतेम पन्नास-साठ किलोग्रॅम माल मावेल. तुसाचें वजन शंभराच्या आसपास भरेल. तोच माल दाबून कांड्या केल्या तर त्याच खोक्यांत त्या सहाशें किलोग्रॅमपर्यंत बसतात. आतां दहा टन वाहून नेण्याची शक्ति असलेली आणि तीस घनमीटर जागेची मालमोटार घ्या. पाचटानें ती कांठोकांठ भरली तरी तींत दोन टनहि माल चढणार नाहीं. कांड्यांचे दहा टन भरून तींत जागा शिल्लक उरेल. चालकाचा पगार, टायरांची झीज आणि रस्त्याचा कर ह्यांत विशेष फरक पडत नाहीं, डिझेलहि कांहीं पांचपट लागत नाहीं. आणि नेलेली उष्णता मात्र पांचपट होते. म्हणूनच उघडा काडीकचरा आपल्या गांवाबाहेर फार लांब जाऊं शकत नाहीं, आणि गांवांत त्यास गिऱ्हाईक नसतें तेव्हां शेतकरी त्यास कांडी लावतो. कांडी म्हणजे येथें आगपेटींतली! एका कांडीनें तो नाहींसा करण्यापेक्षां दुसऱ्या प्रकारच्या कांडींत तो बांधावा, असा हा सारा व्यवहार आहे.

ही बांधणी कशी होते तें मोठें कौतुकाचें आहे. साधारणपणें कोणासहि वाटेल कीं, भुसा एकत्र चिकटविण्यास डिंक, खळ किंवा माती घालावी लागत असेल. परंतु वनस्पतींच्या देहांतच हा डिंक निसर्गानें घालून ठेवला आहे. झाडाच्या तंतूंना एकमेकांशीं जखडून त्यास ताठपणा देणारें जें द्रव्य असतें त्यास रसायनशास्त्रांत लिग्निन म्हणतात. आपल्या घरांतील जुनीं वर्तमानपत्रें उन्हांत पिंवळीं पडतात तीं ह्याच लिग्निनमुळें. स्वस्त कागदांतून तें पुरतें काढलेलें नसतें. ह्या द्रव्याचा गुण असा कीं, थोडी ओल आणि शंभर अंशांच्या आसपास उष्णता मिळाली म्हणजे तें मऊ होतें आणि थंड होतांना पुन्हां कठीण बनतें. जवळजवळ लाखेसारखेंच म्हणाना! १८८० सालीं शिकागो येथील विल्यम स्मिथ यानें लांकडाचा भुसा तापवून वाफेच्या घणाखालीं दाबण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें, तें ह्याच गुणाच्या आधारावर. पुढें युरोपांत दट्ट्यानें ठोकणारीं यंत्रें निघालीं आणि जपानांत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मळसूत्राच्या दांड्यानें दाबण्याची पद्धत पुढें आली. ह्या दुसऱ्या पद्धतीची कांडी मधोमध पोकळ असते. आपल्याकडील बहुतेक कारखान्यांत दट्ट्याचीं यंत्रें आहेत.

कारखान्यांत प्रथम माल कुटून बारीक करतात, तो ओला असल्यास गरम हवेंत वाळवितात आणि मग यंत्राच्या तोंडीं सोडतात. तेथें मिनिटास दोनशेंहून अधिक ठोके मारणारा दट्ट्या त्यास निमुळत्या पोलादी साच्यांतून पुढें ढकलीत असतो. दर चौरस सेंटिमीटरवर हजार किलोग्रॅमहून अधिक दाब पडतो. साच्याच्या भिंतीशीं होणाऱ्या घर्षणानेंच माल तापतो, लिग्निन मऊ होतें, आणि दुसऱ्या टोंकानें मनगटाएवढ्या जाडीची तपकिरी कांडी सलग बाहेर येऊं लागते. ती लगेच हातीं घेतली तर मोडेल. म्हणून लांब लोखंडी मार्गिकेवरून तिला निवत नेतात आणि मग तिचे तुकडे पडतात. व्यापाऱ्यांनीं तिचें नांव ‘पांढरा कोळसा’ असें ठेविलें आहे. ती पांढरीहि नाहीं आणि कोळसाहि नाहीं. परंतु बाजारांत नांवें अशींच पडतात.

ह्या सगळ्या कृतींत खरी किल्ली ओलीच्या हातीं आहे. मालांत शेंकडा दहाच्या आसपास पाणी असावें. तें पंधराच्या पुढें गेलें तर आंत कोंडलेली वाफ साच्याबाहेर पडतांना कांडीस फोडते. अगदींच कमी झालें तर माल एकजीव होत नाहीं आणि भुगा परत येतो. दुसरी अडचण तुसाची. भाताच्या तुसांत वाळूच्या जातीचें, म्हणजे सिलिकाचें प्रमाण इतकें असतें कीं, जळल्यावर शेंकडा पंधरा ते वीस राख उरते. लांकडाची राख शेंकडा एकाच्या आसपास असते. ही वाळू यंत्राचे पोलादी भाग कानशीप्रमाणें घासून काढते. म्हणून अनुभवी कारखानदार नुसतें तूस दाबीत नाहीं. त्यांत भुसा किंवा टरफलें मिसळतो. विजेचा खर्च म्हणाल तर दट्ट्याच्या यंत्रास एका टनामागें पन्नास युनिटांच्या आसपास वीज लागते. एक टन कांडींत साडेचार हजार युनिटांहून अधिक उष्णता भरलेली असते. तेव्हां सौदा आंतबट्ट्याचा नाहीं. कुटणें, वाळविणें आणि वाहतूक यांचा खर्च त्यावर धरला तरीहि नाहीं.

येथपर्यंत ऐकून कोणी असें म्हणेल कीं, मग ह्या कांड्या बेकऱ्यांना आणि चुलींना देऊन टाका म्हणजे धुराचा प्रश्न मिटला. येथें थोडें थांबलें पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०२५ रोजीं दिलेल्या आदेशांत शहरांतील लांकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनीं व खाणावळींनीं सहा महिन्यांच्या आंत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावें असें सांगितलें. आतां कांडी ही स्वच्छ इंधनांत मोजावी कीं लांकडांत? शास्त्र पाहिलें तर उत्तर स्पष्ट आहे. ती लांकूडच आहे, फक्त दाबलेलें. कोणतीहि वनस्पति तापविली म्हणजे तिच्या वजनाचा सत्तर टक्क्यांपर्यंत भाग वायुरूप होऊन बाहेर पडतो आणि पिंवळ्या ज्वाळेनें जळतो. मागें जो उरतो तो निखारा. वायूस पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता एकाच वेळीं मिळाली तर तो पुरता जळतो. न मिळाली तर धूर होतो. धूर म्हणजे अर्धवट जळलेलें इंधन, दुसरें कांहीं नव्हे. पंख्यानें हवा सोडणाऱ्या आणि नीट बांधलेल्या बॉयलरमध्यें कांडी स्वच्छ जळते, कारण तिचा आकार सारखा असतो, ओल ठाऊक असते आणि भट्टीवाल्यास हवेचा अंदाज बांधतां येतो. परंतु शंभर वर्षांपूर्वीं बांधलेल्या विटांच्या भट्टींत, दार उघडें टाकून, तीच कांडी घातली तर धूर थोडा कमी होईल; शेजारच्या इमारतींतील दमेकऱ्यास त्यानें समाधान वाटणार नाहीं. मला वाटतें, कांडीची बाजू मांडणारे लोक ह्या मुद्द्यावर पुरेसें स्पष्ट बोलत नाहींत, आणि त्यामुळें एका चांगल्या वस्तूविषयीं उगीच अविश्वास उत्पन्न होतो.

घरगुती शेगडीसाठीं निराळा मार्ग पुण्यांत शोधला गेला, आणि तो महाराष्ट्रानें विसरूं नये असा आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें नांव आपणांस ठाऊक आहे. त्यांनीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठाचा जुहूचा परिसर पार्ल्याहून हांकेच्या अंतरावर आहे. त्यांचे नातू, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनीं १९९६ सालीं पुण्यास ग्रामीण तंत्रज्ञानाची एक संस्था काढली. ‘आरती’ ह्या आद्याक्षरी नांवानें ती ओळखली जाते. डॉ. प्रियदर्शिनी कर्वे आणि त्यांचे सहकारी यांनीं तेथें पाचटाचा प्रश्न हातीं घेतला. एक हेक्टर उंसामागें आठ-दहा टन पाचट पडतें. त्यांत उष्णता आहे, पण तें जनावरें खात नाहींत, चुलींत घातलें तर भडकन् जळून जातें, आणि त्याचे गठ्ठे वाहून नेणें परवडत नाहीं. तेव्हां त्यांनीं शेताच्या बांधावरच नेऊन ठेवतां येईल अशी एक भट्टी सिद्ध केली. तिच्या पोटांत पाचट भरलेलीं झांकणाचीं पिंपें ठेवावयाचीं आणि खालीं पाचटाचाच जाळ करावयाचा. पिंपांतील पाचटास हवा मिळत नसल्यानें तें जळत नाहीं. त्यांतील वायु तेवढे तापून खालीं भट्टींत येतात, तेथें पेट घेतात आणि पुढचें काम तेच चालवितात. थोड्या वेळानें पिंपांत काळा भुगा उरतो. तो दळून, खळ किंवा शेण असें कांहीं चिकटद्रव्य घालून, छोट्या यंत्रांतून त्याच्या कांड्या पाडावयाच्या आणि उन्हांत वाळवावयाच्या. धूर होणारा भाग भट्टींतच जळून गेलेला असल्यामुळें ह्या कांड्या घरांत शेगडींत धूर करीत नाहींत. हा खरा कांडीकोळसा. ह्या कामास २००२ सालीं लंडन येथील अ‍ॅशडेन पारितोषिक मिळालें.

त्याच संस्थेनें ‘सराई’ नांवाचा एक वाफेचा कुकर काढला. एकावर एक डबे, खालीं पाणी आणि त्याखालीं लहानशी शेगडी. शंभर ग्रॅमच्या आसपास कांडीकोळशावर चारपांच माणसांचा वरण, भात आणि भाजी असा स्वयंपाक त्यांत होतो. उघड्या चुलीवर ह्याच कामास किलोग्रॅमनें लांकूड लागतें. ही किमया कोळशाची नव्हे, उष्णता वायां न घालविण्याची आहे, हें चाणाक्ष गृहिणीस सांगावयास नको.

तथापि ह्यांतहि किंमत मोजावी लागते. शंभर किलोग्रॅम पाचटापासून पंचवीस-तीस किलोग्रॅमच कोळसा मिळतो. बाकीची उष्णता शेतावरच भट्टींत खर्च होते. धूर घरांत न व्हावा म्हणून आपण निम्म्याच्या आसपास उष्णतेवर पाणी सोडलेलें असतें. शिवाय काळ्या धुळींत दिवसभर बसून हें काम करणारीं माणसें आहेत. त्यांच्या तोंडावर फडकें नसलें तर घरांतला धूर आपण शेतावरच्या फुफ्फुसांत नेऊन घातला असें होईल.

आतां ज्या प्रश्नासाठीं हा विषय मीं निवडला त्याकडे येतों. काडीकचरा ‘टाकाऊ’ असें आपण सहज म्हणतों. परंतु तो कोणाच्या दृष्टीनें टाकाऊ? केंद्र सरकारच्या नवीन ऊर्जा खात्याच्या अंदाजाप्रमाणें देशांत वर्षास ७५ कोटि टन जैव माल उपलब्ध होतो आणि त्यांतील २३ कोटि टन शिलकी आहे. हा आंकडा सर्वत्र उद्धृत केला जातो. पण ‘शिलकी’ हा शब्द हिशेबाच्या वहींतला आहे, शेतांतला नव्हे. शेतांत प्रत्येक काडीचा कोणी तरी जुना हक्कदार असतो, आणि कांडीच्या कारखान्याच्या आधीं त्यास विचारलें पाहिजे.

ज्वारीचा कडबा घ्या. देशावरील शेतकऱ्यास तो धान्याइतकाच प्रिय असतो, आणि दुष्काळी वर्षीं त्याचा भाव ऐकून शहरांतला माणूस थक्क होतो. बैलाच्या तोंडचा कडबा काढून बॉयलरांत घालण्याची कल्पना कोणी करणार नाहीं, आणि करूंहि नये. कोंकणांतील भाताचा पेंढाहि गुरांसाठीं, आंब्याच्या पेट्यांत घालण्यासाठीं आणि एकें काळीं घर शाकारण्यासाठीं वापरांत असे. पंजाब-हरियाणांत यंत्रानें कापणी झाल्यावर पेंढ्याचे खुंट शेतांत उभे राहतात आणि पुढील गव्हाच्या पेरणीची घाई असते, म्हणून तेथें ते जाळले जातात. दिल्लीच्या धुरामुळें ती गोष्ट सर्वांस माहीत झाली आहे. परंतु तेथील उपाय उचलून कोंकणांत आणणें म्हणजे एकाच्या पायाच्या मापाचा जोडा दुसऱ्यास घालणें होय.

पाचटाचा हक्कदार जमीन. उंसाचा खोडवा राखतांना पाचट सरींत पसरून कुजूं दिलें तर ओल टिकते, तण दबतें आणि मातींत सेंद्रिय द्रव्य वाढतें. कृषि विद्यापीठांची शिफारस वर्षानुवर्षें हीच आहे. जाळलें तर त्यांतील नत्र हवेंत जातें. म्हणून माझें मत असें आहे कीं, जेथें शेतकरी पाचट कुजवितो तेथें त्यास कोळशाचा मोह दाखवूं नये. आणि जेथें तो तें जाळतोच तेथें मात्र कर्वे यांची भट्टी अवश्य न्यावी. पाचट एकच, पण एका बांधावर जो उपाय योग्य तो दुसऱ्या बांधावर नुकसानीचा. सरकारी योजनांना हा भेद करावयाचें फार जड जातें.

कपाशीची गोष्ट मात्र अगदीं वेगळी आहे, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची. वेंचणी संपल्यावर विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश ह्या भागांत दर हेक्टरीं दोन ते तीन टन पऱ्हाट्या उभ्या राहतात. त्या लांकडासारख्या टणक असल्यानें गुरें खात नाहींत आणि लवकर कुजतहि नाहींत. एवढेंच नव्हे, तर त्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेंत दडून बसते. पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचून ठेविले म्हणजे पुढील हंगामाच्या शत्रूस आपण होऊन बिऱ्हाड दिल्यासारखें होतें. २०१७ सालीं ह्या अळीनें विदर्भांतील कापसाची जी दशा केली ती शेतकरी विसरलेला नाहीं. तेव्हां पऱ्हाटी वेळेवर उपटून, कुटून शेताबाहेर जाणें हेंच येथें पिकाच्या हिताचें आहे. जमिनीचा हक्क येथें रोगाच्या भयापुढें मागें पडतो. मुंबईंत माटुंग्यास १९२४ पासून कापसाच्या तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. पार्ल्याहून दादरला जातांना आपण तिच्या जवळून नेहमीं जातों, पण तेथें काय चालतें ह्याची आपणांस क्वचितच दाद असते. ह्या संस्थेनें पऱ्हाट्यांपासून दाबलेले तक्ते, कांड्या आणि बोटाएवढ्या गोळ्या म्हणजे पेलेट करण्याच्या कृती बसविल्या आहेत, आणि नागपूर येथील आपल्या केंद्रांत त्या दाखविल्या आहेत. मला विचाराल तर महाराष्ट्रांत कांडीचा धंदा कोणत्या पायावर उभारावा ह्याचें उत्तर पऱ्हाटी हेंच आहे.

येथेंहि एक हक्कदार उरतोच, आणि त्याचें नांव सहसा कोणत्याहि अहवालांत येत नाहीं. गांवोगांव पऱ्हाटी आणि तुरकाटी हें गरिबाच्या चुलीचें जळण आहे. पुष्कळ ठिकाणीं मजूर बायका पऱ्हाटी उपटून देतात आणि मोबदल्यांत तिचा भारा घरीं नेतात. तुरकाट्यांचे कूड करून त्यावर शेणामातीचा गिलावा दिलेलीं घरें आजहि दिसतात. उद्यां कांडीच्या कारखान्याची मोटार गांवांत येऊन टनावर भाव सांगूं लागली कीं, कालपर्यंत ‘घेऊन जा बाई’ म्हणणारा शेतकरी तो भारा विकूं लागेल. त्यास दोष देतां येणार नाहीं. त्याचाहि माल आहे. पण त्या बाईनें काय जाळावें? २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गरीब घरांत गॅसची शेगडी पोंचविली, ही गोष्ट मोठीच झाली. तरी टाकी पुन्हां भरून आणण्यास हातीं पैसा नसला म्हणजे चूल पेटतेच. सरकारनें २०२१ सालीं औष्णिक वीजकेंद्रांनीं दगडी कोळशांत शेंकडा पांच आणि पुढें सात भाग असल्या पेलेट मिसळाव्या असें धोरण ठरविलें आहे. चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या केंद्राची भूक किती मोठी असते ह्याची कल्पना असलेल्यास हें सहज समजेल कीं, एवढें मोठें गिऱ्हाईक बाजारांत आलें म्हणजे काडीकाडीचा भाव चढतो. तो भाव शेतकऱ्याच्या पदरांत पडावा हें इष्टच; मात्र उपटणाऱ्या हातांस मजुरी रोख आणि पुरेशी मिळाली तरच तिच्या चुलीचा हिशेब जुळेल.

ह्या इंधनास अक्षय्य कां म्हणतात, हेंहि एका वाक्यांत सांगून टाकतों. दगडी कोळसा जाळला म्हणजे कोट्यवधि वर्षांपूर्वीं जमिनींत गाडला गेलेला कर्बवायु नव्यानें हवेंत येतो. कांडी जाळली म्हणजे गेल्या पावसाळ्यांत पिकानें हवेंतून घेतलेला तोच वायु परत जातो आणि पुढच्या पावसाळ्यांत पीक तो पुन्हां घेतें. राखेचें मात्र तसें नाहीं. पिकानें मातींतून उचललेलें पालाश राखेंत राहतें, आणि ती राख मुंबईजवळील एखाद्या कारखान्याच्या मागें ढिगानें पडून राहते. यवतमाळच्या शेतांतील पालाश ठाण्याच्या खाडींत, असा हा उलटा व्यापार आहे. कांडी भरून येणारी मोटार परत जातांना रिकामीच जाते. तींत राखेचीं पोतीं घालण्यास फार खर्च येऊं नये. तुसाच्या राखेस सिमेंटच्या धंद्यांत मागणी आहे, तेवढा अपवाद. शिवाय पालाशाचा अंश अधिक असलेला पेंढा भट्टींत वितळून खंगर धरतो आणि बॉयलरवाल्याच्या शिव्या खातो. पऱ्हाटीचा हा त्रास पुष्कळ कमी असतो.

हा सगळा धंदा मोसमी आहे, हें शहरांतल्या गिऱ्हाईकानें ध्यानांत ठेवावें. पऱ्हाटी हिंवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत निघते, त्याच काळांत ती वाळते, आणि मृगाच्या आंत ती दाबून झाली पाहिजे. वर्षभर पुरवठा करावयाचा तर पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढा साठा छपराखालीं लागतो. ज्याच्याकडे गोदाम नाहीं त्याचा करार जुलैंत मोडतो. चिकटद्रव्यावांचून दाबलेली कांडी दिसावयास दगडासारखी कठीण असते, पण पाण्याच्या बादलींत टाकली तर कांहीं मिनिटांतच फुगून तिचा पुन्हां भुसा होतो. गिऱ्हाईकानें ही परीक्षा एकदां जरूर करून पाहावी. मुंबईसारख्या गांवीं, जेथें भर पावसांतहि चितेस अग्नि द्यावा लागतो, तेथें ज्या स्मशानांत कांड्या येतील तेथें प्रथम छप्पर गळत नाहीं ना आणि जमिनीपासून वीतभर उंच फळ्या घातल्या आहेत ना, तें पाहिलें पाहिजे.